दुर्बीणवाल्याचं कोपर

ताईच्या क्लिनिकमध्ये वजनं होती, रबराचे पट्टे होते, भिंतीला ठोकलेली लाकडी शिडी होती आणि खिडकीशेजारी काचेचं एक कपाट होतं. मुलं आत आली की आधी कपाटाकडे धावायची. मोठी माणसंही तिकडेच जायची, फक्त आपण खिडकीबाहेर बघतोय असं दाखवायची.

ताई फिजिओथेरपिस्ट होती. हाड मोडून जुळलेली, पाय मुरगळलेली, मान धरलेली माणसं तिच्याकडे येत आणि ती त्यांचे रुसलेले सांधे पुन्हा चालते करी. कपाटात मात्र औषधं नव्हती. तळहातावर मावतील असे प्लॅस्टिकचे बाहुले तिथे ओळीने उभे होते. ते सगळे ‘ढगबोट’ या जुन्या कार्टून मालिकेतले. डोंगराडोंगरांवरून टपाल पोचवणारी एक उडती बोट, तिची धाडसी कप्तान आणि कप्तानची आगाऊ मांजर, अशी ती मालिका. कप्तान आणि मांजर मुलांच्या दप्तरांवर होती, पाण्याच्या बाटल्यांवर होती, उशांच्या अभ्र्यांवर होती. ताईच्या कपाटात ती दोघंही नव्हती.

तिथे होती बाकीची मंडळी. दोर सोडायला शिडीवर चढणारी शिडीवाली. पायाने पंप मारून फुग्यात हवा भरणारा पंपवाला. टपालाच्या पेटीची किल्ली फिरवणारी किल्लीवाली. झेंडा वर करणारी झेंडेवाली. आणि कुणीही काहीही विचारलं की मान हलवून ‘नाही’ म्हणणारा तपासनीस. अख्ख्या भागात यांना एखादं वाक्य मिळायचं, तेही कप्तान मध्येच तोडायची.

या बाहुल्यांची एक गंमत होती. खेळणी बनवणाऱ्या कंपनीने कप्तानला सगळे सांधे दिले होते. तिची मान फिरे, बोटं वळत, कंबरसुद्धा वाके. पण शिडीवालीवर एवढा खर्च कोण करणार? म्हणून ज्याचं मालिकेत जे काम, तेवढाच एक सांधा हलता ठेवला आणि बाकीचा माणूस खांबासारखा ओतून टाकला. शिडीवालीचा फक्त गुडघा वाकतो. पंपवाल्याचा फक्त घोटा. किल्लीवालीचं मनगट, झेंडेवालीचा खांदा, तपासनिसाची मान.

असे बाहुले जमवणाऱ्या लोकांना यात कंपनीचा चिक्कूपणा दिसायचा. ताईला त्यात धडा दिसला. लहान मुलाला ‘गुडघा वाकव’ म्हटलं की ते कमरेतून वाकतं, खांदे उचलतं, जीभ बाहेर काढतं. गुडघा सोडून सगळं हलवतं. मग ताई शिडीवालीला त्याच्या हातात देई. “हिचं बघ. बाकी काही हलतंय का? नाही ना? आता तू शिडीवाली हो.” मूल लगेच शिडीवाली होई. असं ताईचं काम आणि ताईचा छंद एकाच कपाटात सुखाने राहत होते.

एका दुपारी तिथे भिंगरी आली. तिचं खरं नाव वेगळं होतं, पण एका जागी टिकत नाही म्हणून आजोबांनी ठेवलेलं हे नावच घरीदारी चाललं होतं. भिंतीवरून उडी मारताना ती उजव्या कोपरावर पडली होती. हाड छान जुळलं, प्लास्टर निघालं, आणि तेव्हापासून भिंगरीने तो हात शरीराशी घट्ट धरून ठेवला होता. जरासा वाकलेला, मिटलेल्या छत्रीसारखा. त्याच्याहून जास्त तो वाकायचाही नाही आणि सरळही व्हायचा नाही.

“प्लास्टर काढलं त्याच दिवशी शेजारच्या काकू आल्या,” आजोबा सांगू लागले. ते पूर्वी बस चालवायचे आणि अजूनही मोठ्याने बोलत, जणू मागच्या सीटपर्यंत पोचायला हवं. “म्हणाल्या, मला कळतं यातलं. आणि आम्ही हो-नाही म्हणेपर्यंत त्यांनी हात धरून ओढला. ही अशी किंचाळली, ताई, की खालचा दुकानदार वर आला. तेव्हापासून हाताला वारासुद्धा लागू देत नाही.”

“काकूंना काही कळत नाही,” भिंगरी म्हणाली.

“हे मात्र खरं,” ताई म्हणाली.

भिंगरीने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं.

हाडांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीत स्पष्ट लिहिलं होतं. पुढच्या तपासणीपर्यंत कोपर बऱ्यापैकी वाकू लागलं नाही, तर भूल देऊन वाकवावं लागेल. चिठ्ठी भिंगरीने वाचली होती. आजोबांनी ती लपवली होती, पण आजोबांच्या लपवायच्या जागा तिला पाठ होत्या. त्यामुळे तिला दोन भीती होत्या. कुणी हात लावला तर दुखेल ही एक, आणि कुणी लावला नाही तर भूल देतील ही दुसरी. दोन्हींच्या मध्ये ती हात आवळून बसली होती.

“मी हात लावणार नाही,” ताई म्हणाली. “तुझा हात तूच वाकवायचा. रोज थोडा, तुला झेपेल तेवढाच, जोर न लावता. दुखलं की थांबायचं.”

“सगळे आधी असंच म्हणतात.”

“आणि मग?”

“मग म्हणतात, एवढंसं तर केलं.”

ताईने वाद घातला नाही. तिने कपाट उघडून दिलं. भिंगरीने डाव्या हाताने एकेक बाहुला उचलून पाहिला. मालिका तिने पाहिली होती. तिच्या सगळ्या वर्गाने पाहिली होती.

“कप्तान कुठाय?”

“माझ्याकडे नाही.”

“का?”

“कप्तान सगळ्यांकडे असते. हे कुणाकडे नसतात.”

“कुणाला नको असतील म्हणून नसतील.”

“बाईसाहेब,” आजोबा दटावून म्हणाले.

“बरोबर बोलतेय ती,” ताई म्हणाली. “कुणाला नको होते, म्हणून तर मला मिळाले.” मग तिने गुडघा, घोटा, मनगट असं करत सगळ्यांचे सांधे हलवून दाखवले. भिंगरी लक्ष देऊन बघत होती. शेवटी तिने विचारलं, “आणि कोपर कुणाचं वाकतं?”

ताई जरा अडखळली. “दुर्बीणवाल्याचं.”

भिंगरीच्या चेहऱ्यावर हसू आलं. दुर्बीणवाला तिला माहीत होता. प्रत्येक भागात तो कोपर वाकवून दुर्बीण डोळ्याला लावायचा, ‘समोर सगळं मोकळं आहे’ असं जाहीर करायचा, आणि पुढच्याच क्षणी बोट डोंगराला धडकायची.

“कुठाय तो?”

“घरी आहे. खोक्यात.”

“मग काढा ना.”

“तो अजून उघडलेला नाही. कंपनीने जसा बंद केला, तसाच आहे. असे फार थोडे उरलेत.”

“म्हणजे तो काहीच करत नाही?”

“नाही.”

“नुसता उभा?”

“हो.”

“मोडू नये म्हणून?”

“तसंच काहीसं.”

भिंगरीने बाहुले ओळीत परत ठेवले. “मग माझाही हात खोक्यात आहे असं समजा,” ती म्हणाली आणि खुर्चीत जाऊन बसली. त्या दिवशी तिने बोटंसुद्धा हलवली नाहीत. आजोबांनी आधी गोष्टी सांगितल्या, मग आमिषं दाखवली, शेवटी रागावून पाहिलं. उपयोग झाला नाही.

ताईच्या घरी जेवणघरात एक उंच फळी होती आणि तिच्यावर न उघडलेली खोकी. दुर्बीणवाला त्यांत सगळ्यांत दुर्मीळ होता. बंद होत आलेल्या एका दुकानाच्या माळ्यावर, सायकलच्या पंपांमागे तो तिला सापडला होता. जमवणारे तिचे मित्र तो बघायला घरी येत, आणि बघताना हात पाठीमागे बांधून उभे राहत. खोक्याची चिकटपट्टी एकदा कापली की ती परत न कापलेली होत नाही, हे त्या सगळ्यांना फार गंभीरपणे ठाऊक होतं.

“आज एवढी गप्प का?” आईने भाजी चिरता चिरता विचारलं.

ताईने भिंगरीचं म्हणणं सांगितलं. आई इतकी हसली की तिला सुरी बाजूला ठेवावी लागली.

“पोरीने बरोबर पकडलं तुला. दिवसभर लोकांना सांगतेस, हलत राहा, हलत राहा. आणि घरी हे सगळे कोंडून ठेवलेले.”

“आई, ते प्लॅस्टिक आहे.”

“मग प्लॅस्टिकसाठी एवढा विचार कशाला करतेस?”

“उघडला की गेला गं तो.”

“कुठे जाणार? त्याच्या तर पायाला सांधासुद्धा नाही.”

ताई हसली नाही. खुर्चीवर चढून तिने खोका खाली काढला. काचेसारख्या झाकणामागे दुर्बीणवाला हात लांब करून, दुर्बीण पुढे धरून उभा होता. इतकी वर्षं त्याने ती दुर्बीण डोळ्यापर्यंत नेलीच नव्हती. ताईने खोका पिशवीत ठेवला, बाहेर काढला, पुन्हा ठेवला. आई न बघितल्यासारखं करून सगळं बघत होती.

पुढच्या खेपेला ताईने खोका भिंगरीसमोर ठेवला आणि कात्री दिली.

“मी कापू?”

“तूच काप.”

“नंतर म्हणणार नाही ना, का कापलं म्हणून?”

“कदाचित म्हणेन. पण मनातल्या मनात.”

भिंगरीने डाव्या हाताने वेडीवाकडी चिकटपट्टी कापली. ताईने तेवढा वेळ खिडकीबाहेर पाहिलं. मग तिने दुर्बीणवाल्याला बाहेर काढलं आणि नेहमीच्या शिकवायच्या आवाजात सुरुवात केली. “हे बघ. खांदा हलत नाही, मान हलत नाही. फक्त कोपर. असं…”

कोपर वाकलं नाही.

ताईने पुन्हा प्रयत्न केला. हात लोखंडाचा असावा तसा जागच्या जागी राहिला. ती ओशाळली. मग तिने अंगठा टेकवला आणि जोर लावला. आजोबा पुढे झुकून बघू लागले. प्लॅस्टिकमधून बारीकसा ‘करर्’ आवाज आला.

“थांबा!” भिंगरी ओरडली. “मोडेल तो.”

ताईचा अंगठा तिथेच थांबला.

“तुम्हीच म्हणालात ना, जोर लावायचा नाही? आता काकूंसारखं काय करताय?”

आजोबांना हसू आवरेना, म्हणून ते रुमालात खोकले.

“चुकलं माझं,” ताई म्हणाली. तिने बाहुला टेबलावर ठेवला. “याला इतकी वर्षं कुणी हलवलंच नाही. सांध्यातला रंग आणि प्लॅस्टिक एकमेकांना चिकटून बसलंय.”

“मग आता?”

“सांग बरं, तुझ्या हाताचं आपण काय करायचं ठरवलं होतं?”

भिंगरीने विचार केला. “हळूहळू. रोज थोडं. दुखलं की थांबायचं. पण याला दुखतंय हे कळणार कसं?”

“आवाजाने कळेल. आणि सांध्यावरच्या त्या रेघेवरून. रेघ पांढरी पडायला लागली की समजायचं, बास झालं. आधी कोमट पाण्यात ठेवायचा, म्हणजे प्लॅस्टिक मऊ पडतं.”

“तुम्ही नका करू,” भिंगरी म्हणाली. “तुमचा अंगठा फार जोरात आहे. मी करते.”

अशा रीतीने दुर्बीणवाल्याला डॉक्टरीणबाई मिळाल्या. कोमट पाण्याची वाटी आली. बाहुला पाण्यात शेकत असताना भिंगरीने स्वतःचं कोपरही शेजारच्या टबात बुडवलं; एकट्याला कंटाळा येईल, असं तिचं म्हणणं. मग खरी अडचण समोर आली. बाहुल्याचा इवलासा हात वाकवायला चांगला हात हवा, म्हणजे डावा. मग बाहुल्याला धरणार कोण?

“मी धरतो,” आजोबा म्हणाले.

“तुमचा हात थरथरतो.”

“बस चालवली आहे मी. घाटात.”

“बस मोठी असते, आजोबा.”

शेवटी तिने दुर्बीणवाल्याला आपल्या उजव्या हातात धरलं, मांडीजवळ. मान खाली घालून, पाठीचं धनुष्य करून ती त्याच्या कोपरावरची रेघ निरखू लागली. ती रेघ केसाएवढी बारीक. मांडीवरून काही दिसेना. भिंगरीने मान आणखी खाली घातली, डोळे बारीक केले, एक पाय खुर्चीवर घेतला. ताई समोर बसून फायली लावत होती, म्हणजे तसं दाखवत होती.

मग भिंगरी वैतागली आणि बाहुला थोडासा वर उचलून डोळ्यांजवळ आणला.

थोडासाच. पण उजवं कोपर वाकलं होतं, आणि वाकवलं होतं तिने स्वतः. आजोबांनी तोंड उघडलं. ताईने फायलीआडून बोट ओठांवर ठेवलं. आजोबांनी तोंड मिटलं, पण त्यांना ते फार जड गेलं. आयुष्यभर बसच्या इंजिनावर आवाज चढवून बोललेला माणूस तो.

भिंगरी बाहुल्याला समजावत होती, “एवढंच. आज एवढंच. घाबरायचं नाही.”

पुढच्या खेपांना भिंगरी दारातूनच विचारायची, “पाणी ठेवलंत?” आल्या आल्या पेशंटची तपासणी व्हायची. त्याच्या कोपराची काळजी वाहता वाहता तिचा हात मांडीवरून पोटाशी आला, पोटाशी होता तो छातीशी आला. काही दिवशी तो पुढे गेलाच नाही. एकदा तर मागे आला, कारण शाळेत कुणीतरी धक्का दिला होता आणि कोपर दुखत होतं. त्या दिवशी ताईने तिला नुसतं बसू दिलं.

“आज आम्हाला सुट्टी,” भिंगरीने जाहीर केलं.

“दोघांना?”

“त्यालाही बरं वाटत नाहीये.”

मधल्या काळात ताईच्या घरीही काही घडलं. दुर्बीणवाल्याचा प्रकार पाहिल्यापासून तिला फळीवरच्या इतर खोक्यांकडे बघवेना. एका रविवारी तिने आईला म्हटलं, “कात्री कुठाय?” आईने पदराला हात पुसले आणि टेबलाशी खुर्ची ओढून बसली. दोघींनी मिळून एकेक खोका उघडला. कुणाचा खांदा गच्च झाला होता, कुणाचं मनगट. एका सुतारकाकाची कंबर मात्र अगदी नव्यासारखी वाकली, तेव्हा आई म्हणाली, “याला तुझी गरज नाही. उलट याच्याकडूनच चार गोष्टी शीक.” जमवणाऱ्या मित्रांपैकी एकाला ताईने फोन करून हे सांगितलं. तो हळूच म्हणाला, “माझेही बघायला हवेत गं.”

तपासणीच्या आदल्या दिवशी भिंगरी नेहमीसारखी बसली होती. बाहुला उजव्या हातात, जवळजवळ हनुवटीशी. डाव्या हाताची दोन बोटं त्याच्या हातावर. तिने हळूच दाबलं, थांबली, रेघ पाहिली, पुन्हा दाबलं. टक् असा आवाज आला आणि दुर्बीण बाहुल्याच्या डोळ्याला टेकली.

भिंगरी दचकली. “मोडला?”

ताईने वाकून पाहिलं. “मोडला नाही. सुटला.”

भिंगरीने त्याचा हात सरळ केला, वाकवला, सरळ केला, वाकवला. मग तिचा चेहरा उतरला.

“त्याचं झालं. माझं अजून पूर्ण नाही झालं.”

“तुझं हाड आहे. त्याचं प्लॅस्टिक. तुला वेळ लागणारच.”

“उद्या डॉक्टर ओढतील?”

“त्यांना तू दाखवायचं. आधी सांगायचं, मी स्वतः वाकवते, तुम्ही बघा.”

“आणि नाही पुरेसा वाकला तर?”

ताईने खोटं सांगितलं नाही. “तर ते काय म्हणतील ते मला माहीत नाही. पण आलीस तेव्हा तू हाताला वारा लागू देत नव्हतीस. आज तो हात कुठे आहे, बघ बरं.”

भिंगरीने खाली पाहिलं. बाहुला हनुवटीशी होता आणि त्याला धरणारा हात तिचाच होता. ती बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिली, दुसऱ्या कुणाचा असावा तसं. मग तिने संशयाने विचारलं, “हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून नाही. नंतर दिसलं.”

“आणि आजोबांना?”

“मला बोलू देत नव्हत्या,” आजोबा म्हणाले. “पोटात दुखायला लागलं होतं माझ्या.”

दुसऱ्या दिवशी ताई एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या गुडघ्याला पट्टा बांधत होती, पण तिचं लक्ष फोनकडे होतं. गृहस्थ म्हणाले, “अहो, हा माझा चांगला पाय आहे.” ताईने माफी मागून पट्टा सोडला, तेवढ्यात फोन वाजला. आजोबांचा नंबर होता. बोलत मात्र भिंगरी होती, मागून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज येत होते.

“ताई, मी त्यांना सांगितलं, हात लावायचा नाही.”

“मग?”

“ते म्हणाले, बरं. मग मी वाकवला. त्यांनी ती कोन मोजायची पट्टी लावली. मी म्हटलं, पट्टी चालेल.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, थोडं राहिलंय. पण तेवढ्यासाठी भूल नको. असंच चालू ठेव म्हणाले. आणि विचारलं, कुठला व्यायाम करतेस? मी म्हटलं, मी करत नाही, मी करून घेते.”

ताई खुर्चीत बसली. गृहस्थ आपला आखडलेला गुडघा धरून समजूतदारपणे थांबले.

“भिंगरी, फोन नीट धर गं, आवाज मधेच लांब जातोय.”

“हात कानाला पोचत नाही अजून नीट. मान वाकडी करावी लागते.”

“मग दुसऱ्या हातात घे ना.”

“कसा घेऊ?” भिंगरी म्हणाली. “दुसऱ्या हातात आइसक्रीम आहे.”